विश्लेषण : मॅट्रिकला अडलेल्या गदिमांकडून मुलांना गमतीची कविता रचायला कशी शिकवता येईल?

मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी वहीत दोन रकाने आखून कवितेतले यमक जुळणारे शब्द लिहिले आहेत. स्वाध्यायातला हा हमखास गुणांचा प्रश्न. मुले जोड्या बरोबर लिहितात, बाईंची लाल खूण मिळते आणि पान उलटते. त्याच मुलांना चार ओळींची गमतीची कविता रचायला सांगितली की वर्ग गप्प होतो. जोड्या ओळखता येतात, जुळवता येत नाहीत.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत वाढलेल्या एका मुलाच्या बाबतीत उलटे घडले. तो मॅट्रिकच्या पुढे जाऊ शकला नाही, पण यमक त्याच्या जिभेवर होते. हा मुलगा म्हणजे गजानन दिगंबर माडगूळकर. ‘गीतरामायणा’मुळे ते घराघरांत पोहोचले आणि त्या मोठ्या सावलीत त्यांची मुलांसाठीची कविता थोडी झाकली गेली. यमक आणि गंमत मुलाच्या हाती कशी येते, हे पाहायचे तर त्यांचे बालपण आणि त्यांची बालगीते एकत्र वाचावी लागतात.

गदिमा नेमके कुठले, साताऱ्याचे की सांगलीचे?

दोन्हीकडचे, आणि याचे कारण इतिहासात आहे. गदिमांचा जन्म 1 ऑक्टोबर 1919 रोजी शेटफळे या गावी, आजोळी झाला. मूळ गाव माडगूळ, कागदोपत्री माडगुळे. दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहेत. पण तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

गदिमांच्या लहानपणी आटपाडीचा भाग औंध संस्थानात होता. हे संस्थान लहान आणि विखुरलेले. राजधानी औंध, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात. आटपाडी एका बाजूला, तर कुंडल दुसरीकडे, आजच्या पलूस तालुक्यात. वडील दिगंबरपंत याच संस्थानात कारकून होते. मुलाचे शिक्षणही आटपाडी, कुंडल आणि औंध अशा तीन ठिकाणी झाले. नकाशावर आज दोन जिल्हे दिसतात, त्या मुलासाठी तो एकाच दरबाराचा मुलूख होता.

जन्माचीही एक कथा सांगितली जाते. बाळ जन्मले तेव्हा रडले नाही, हालचाल नव्हती. मूल गेले असे समजून पुढची तयारी सुरू झाली. सुईणीने शेवटचा उपाय म्हणून निखाऱ्याचा चटका दिला आणि बाळाने टाहो फोडला. मराठीत पुढे इतकी गाणी लिहिणाऱ्याचा पहिला सूर असा उशिरा लागला.

घरात आणि गावात कवितेचे कोणते धडे मिळाले?

माणदेश हा दुष्काळी पट्टा. माणगंगा नदी, पण वर्षातला बराच काळ तिच्यात वाळूच जास्त. खिल्लार बैल, मेंढरे, खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा आणि तिथला जनावरांचा बाजार हे इथले वैभव. पैसा कमी, शब्द मुबलक.

आई बनूताई ओव्या रचत असत. जात्यावरच्या ओवीचा विचार शिकवण्याच्या अंगाने केला तर ती फार चोख शाळा आहे. हात खुंट्यावर, जाते एका गतीने फिरते आहे. ओळ त्या फेऱ्यात बसलीच पाहिजे, नाही तर दम तुटतो. लिहायला कागद नाही, त्यामुळे लक्षात राहील असाच शब्द ओळीच्या शेवटी ठेवावा लागतो. ओवी म्हणणाऱ्या बाईला यमक ही संज्ञा माहीत असायची गरज नसते. तिच्या कामालाच यमक लागते. मांडीवर डोके ठेवून झोपणाऱ्या मुलाच्या कानात ही गती आणि हे शेवट रोज पहाटे पडत असतात.

घराबाहेरही तेच. वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाला, बहुरूपी हे दारी येणारे लोक पोटासाठी यमक जुळवत. बहुरूपी तर खोटा अधिकारी बनून यायचा, गंभीर चेहऱ्याने असे काही सांगायचा की ऐकणारा आधी दचके आणि मग हसे. विनोदी कवितेचे निम्मे तंत्र यात आहे : आवाज गंभीर ठेवायचा, मजकूर वेडावाकडा करायचा. मुलींच्या हादग्याच्या गाण्यांतही हेच सापडते. त्या गाण्यांत सासरची माणसे, पदार्थ, भांडी एकामागून एक येतात, साखळी लांबत जाते आणि शेवटी काहीतरी फजिती होते. ही गाणी कुणी एकाने लिहिलेली नाहीत. मुलींनी पिढ्यान्पिढ्या त्यांत भर घातली आहे. मुलांना गमतीची कविता रचता येत नाही, असे म्हणणाऱ्याने हादग्याचे गाणे आठवावे.

आणि तमाशा. शाहीर पठ्ठे बापूराव हे आजच्या वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. या भागात लावणी, कलगी-तुरा आणि सवाल-जवाब यांची परंपरा जोरात होती. सवाल-जवाबात यमक ही शर्यत असते. एकाने कोडे टाकायचे आणि दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच ठेक्यात, तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. गदिमांनी पुढे ‘रामजोशी’ (1947) या चित्रपटासाठी कथा, संवाद आणि गीते लिहिली तेव्हा हा सगळा साठा कामी आला. लावणीची ती भाषा पुस्तकातून उचललेली वाटत नाही, कारण ती कानाने शिकलेली होती.

औंधच्या शाळेत काय घडले?

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी 1909 मध्ये गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते, गावोगाव कीर्तने करत आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. औंधच्या डोंगरावर त्यांनी उभारलेले चित्र-शिल्पसंग्रहालय आजही पाहायला मिळते. राजाच कीर्तनाला उभा राहतो त्या गावात पोरांना गाण्याची, सोंगाची लाज वाटत नाही. लहान संस्थानाचा हा फायदा क्वचितच नोंदला जातो.

गजानन तिथे नकलांसाठी प्रसिद्ध होता. नक्कल ही गोष्ट शाळेत बहुधा शिक्षेला पात्र ठरते. पण कविता शिकण्याची ती पहिली पायरी आहे. एखाद्या माणसाची नक्कल करायची तर त्याच्या बोलण्याची लय पकडावी लागते, तो कुठे थांबतो, कोणता शब्द ओढतो हे टिपावे लागते. कवितेत यालाच चाल म्हणतात.

गंमत अशी की याच काळात मराठी कवितेतही नकलेचा मोठा उद्योग झाला होता. प्रल्हाद केशव अत्रे यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ हा विडंबनांचा संग्रह 1925 मध्ये काढला आणि रविकिरण मंडळातल्या कवींची यथेच्छ टवाळी केली. त्या मंडळातले कवी गिरीश हे साताऱ्याचे आणि कवी यशवंत सातारा जिल्ह्यातल्या चाफळचे. अत्रे शाळेत शिकवणारे हाडाचे शिक्षक होते आणि मुलांसाठी त्यांनी वाचनमालाही तयार केली. दुसऱ्याची चाल हुबेहूब उचलून तिच्यात भलताच विषय बसवणे हा त्यांचा हातखंडा. मुलाला छंद शिकवण्याची ही सर्वांत सोपी रीत आहे, कारण ठेका तयार मिळतो आणि मुलाला फक्त खोडी काढायची असते.

मॅट्रिकच्या परीक्षेत मात्र गणिताने गजाननाला अडवले. घरची परिस्थिती बेताची, तो भावंडांत मोठा, पुन्हा पुन्हा परीक्षा देत बसण्याची चैन नव्हती. शिक्षण तिथेच थांबले.

इथे थोडे थांबायला हवे. मराठी कवितेच्या जाती मात्रांवर चालतात आणि मात्रा म्हणजे शुद्ध हिशेब. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर जोर आला तर त्याचीही दोन. ससा तीन मात्रांचा, माकड आणि हत्ती चार-चार, उंदीर पाच. ओळीत आठ-आठ मात्रांचे गट हवे असतील तर उंदराच्या जागी माकड घालताना एक मात्रा कुठून तरी आणावी लागते. गदिमांनी हा हिशेब आयुष्यभर, बहुतेक वेळा घाईत आणि बिनचूक केला. परीक्षेच्या गणिताला हे गणित दिसले नाही, यात दोष कुणाचा, हे शिक्षणखात्यातल्या लोकांनी ठरवावे.

मग कोल्हापूर कसे गाठले?

पोटासाठी. 1938 मध्ये हंस पिक्चर्सच्या ‘ब्रह्मचारी’ या चित्रपटात त्यांना छोटी भूमिका मिळाली. मास्टर विनायक यांच्या या चित्रपटाचे लेखन अत्र्यांचे होते. पुढल्या वर्षी ‘ब्रँडीची बाटली’मध्येही ते दिसले. काही काळ त्यांनी वि. स. खांडेकर यांचे लेखनिक म्हणून काम केले. खांडेकरही सांगलीत जन्मलेले. सांगितलेले उतरवून घेता घेता चांगले वाक्य कसे उभे राहते हे रोज पाहायला मिळणे, ही एक वेगळीच शिकवणी झाली. मग के. नारायण काळे यांच्याकडे सहायक, मग गीतलेखन, मग पटकथा. 1942 च्या ‘भक्त दामाजी’ आणि ‘पहिला पाळणा’ या चित्रपटांपासून गीतकार म्हणून त्यांचे नाव झाले. दीडशेहून अधिक मराठी आणि वीसहून अधिक हिंदी चित्रपटांशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभर चाललेल्या या मालिकेची 56 गीते त्यांनी लिहिली आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केली. पहिल्याच गीताचा कागद हरवल्यामुळे ते ऐनवेळी पुन्हा लिहून द्यावे लागले, ही हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे. सवाल-जवाबाच्या मुलखातून आलेल्या माणसाला तिथल्या तिथे ओळ सुचणे नवलाचे नव्हते. त्यानंतरचे मानसन्मान थोडक्यात : 1962 पासून 12 वर्षे विधान परिषदेचे सदस्यत्व, 1969 मध्ये पद्मश्री, 1973 मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. विद्यापीठाची पायरीही न चढलेला माणूस साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर बसला.

मुलांसाठीची गाणी कुठून आली?

बरीचशी चित्रपटांच्या निमित्ताने. ‘नाच रे मोरा’ हे 1953 च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातले गीत. संगीत पु. ल. देशपांडे यांचे, आवाज आशा भोसले यांचा. सत्तर वर्षे होऊन गेली तरी बालवाडीच्या स्नेहसंमेलनात हे गाणे चुकत नाही. चित्रपट किती जणांनी पाहिला असेल, हा प्रश्नच आहे.

या गाण्यांतली भाषा पाहण्यासारखी आहे. लाडिक बोबडेपणा नाही, उपदेश नाही. मुलाला समजेल म्हणून शब्द कापलेले नाहीत. पाऊस, ढग, पानावरचे पाणी, आगगाडी, मामाचा गाव या गोष्टी मूल जशा पाहते तशा येतात. त्या काळातल्या अनेक बालकविता शेवटच्या कडव्यात मुलाचा कान धरत. गदिमा तसे करत नाहीत, निदान चांगल्या गाण्यांत तरी नाही.

त्यांची ‘बिनभिंतीची शाळा’ ही कविताही पाठ्यपुस्तकांतून मुलांपर्यंत गेली. झाडे, वेली, पशू, पक्षी हेच गुरू असलेली ही शाळा. कवितेमागे माणदेश स्पष्ट दिसतो. योगायोग असा की भिंती नसलेली आणखी एक गोष्ट याच मुलखात उभी राहिली होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने 1939 मध्ये कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. कैदी तिथे कुटुंबासह राहत, शेती करत. तिच्यावरून गदिमांनी जी कथा लिहिली तिच्यावर व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) काढला आणि तो बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला. भिंती नसलेला तुरुंग चालतो हे ज्याने पाहिले, त्याने भिंती नसलेल्या शाळेवर विश्वास ठेवला तर त्यात आश्चर्य काय?

शेपटीवाल्या प्राण्यांच्या सभेत एवढे विशेष काय आहे?

मुलांना विनोदी कविता रचायला शिकवायची असेल तर गदिमांची ही एक कविता पुरेशी आहे. शेपटी असलेल्या प्राण्यांची सभा भरते. पोपट सभापती. तो एकच प्रश्न विचारतो : मिळालेल्या या शेपटाचे तुम्ही काय करणार? मग एकेक प्राणी उठून उत्तर देतो. गाय माशांचा बंदोबस्त करणार, कुत्रा आनंद दाखवणार, कांगारूला तर शेपूट म्हणजे जादाचा पायच. शेवटी सभापती समारोप करतो आणि टोला माणसावर बसतो. शेपूट वापरले नाही तर ते माणसासारखे झडून जाईल, असा त्याचा मतितार्थ.

रचना उघडी आहे. एक प्रश्न, सगळ्यांसाठी तोच, आणि प्रत्येकाची एक पाळी. ही सवाल-जवाबाचीच मांडणी, फक्त फडाऐवजी जंगल. हादग्याच्या साखळीशीही तिचे नाते आहे. अशा कवितेत भर घालायला मुलाला परवानगी मागावी लागत नाही. म्हैस राहिली, सरडा राहिला. वर्गातल्या प्रत्येकाला एक प्राणी देता येतो आणि प्रत्येक उत्तर दोन ओळींत संपते. कोऱ्या कागदाची भीती इथे येतच नाही.

दुसरे, विनोद निरीक्षणातून येतो. गाय शेपटीने खरोखर माशा वारते. कवीने खोटे काही रचलेले नाही, फक्त ते गाईच्या तोंडून सभेत वदवले आहे. आटपाडीच्या पोराने मेंढराचे आखूड शेपूट पाहिलेले असते, सांगलीच्या फ्लॅटमधल्या पोराने पालीचे तुटलेले. दोघांपाशी माल आहे. वाट्टेल ते लिहा, असे सांगितले की मुले अडखळतात. पालीच्या शेपटीविषयी विचारले की हात वर होतात.

यमक जुळवताना मुले कुठे चुकतात?

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे यमक फार स्वस्त पडते. जातो-खातो, बसली-हसली, करीन-धरीन अशी यमके वाटेल तेवढी मिळतात आणि ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधीच कळतो. पुढचा शब्द कळला की हसू येत नाही. एका ओळीच्या शेवटी क्रियापद असेल तर दुसरीच्या शेवटी नाम आणावे, एवढी एक अट घातली तरी कविता जागी होते. त्यासाठी वाक्य थोडे वळवावे लागते आणि ते वळवण्यातच खरा सराव होतो.

दुसरी चूक म्हणजे पहिली ओळ पक्की करून दुसरीसाठी शब्द शोधत बसणे. हसवणारा शब्द दुसऱ्या ओळीच्या टोकाला यायला हवा. म्हणून आधी तो ठरवावा आणि मग पहिली ओळ त्याच्याकडे नेणारी रचावी. मोठे विनोदी कवीही बहुतेक उलटेच चालतात, पण वाचणाऱ्याला ते सुलट वाटते.

सरावासाठी गावांची नावे उत्तम. सांगलीला चांगली, पांगली, टांगली. साताऱ्याला म्हातारा. कुंडलला बंडल. माडगूळला तर गूळ, धूळ, खूळ, मूळ, शूळ अशी रांगच लागते, आणि माणदेशाचे अर्धे वर्णन त्यातच होते. औंधला मात्र मराठीत यमक सापडणे कठीण. मुले हिंदीतून चकाचौंध आणतात. आणू द्यावे. वर्गातले हसू तिथेच सुरू होते.

घरची बोली चालेल का, हा प्रश्न शिक्षकांना पडतो. गदिमांच्या आणि त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांच्या लेखनात माणदेशी बोली मानाने आली. व्यंकटेशरावांच्या ‘माणदेशी माणसे’ आणि ‘बनगरवाडी’ने तर ती साऱ्या महाराष्ट्राला ऐकवली. मुलाच्या कवितेत बोलीतला शब्द आला आणि तो प्रमाण करून घेतला, तर यमकही जाते आणि गंमतही. शुद्धलेखनाचा तास वेगळा घेता येतो.

विनोदी यमक आणि चिडवणे यांत फरक कसा करायचा?

हा प्रश्न शाळेत सर्वांत महत्त्वाचा आहे. शिक्षकांनी शिकवण्याआधीच मुले यमक एका कामासाठी वापरत असतात, आणि ते काम म्हणजे चिडवणे. नाव, आडनाव, जाडी, रंग, चष्मा, तोतरेपणा यांना यमके जुळवली जातात. ती ठेक्यात असल्यामुळे मधल्या सुटीत शाळाभर पसरतात आणि वर्षानुवर्षे पुसली जात नाहीत. यमकामुळे गोष्ट लक्षात राहते, हे तत्त्व इथेही तितकेच खरे ठरते.

गदिमांची आणखी एक कविता याच जागी उभी आहे. तळ्यातल्या बदकांच्या पिलांत एक कुरूप पिल्लू असते, इतर पिले त्याला हसतात, आणि शेवटी ते राजहंस निघते. मूळ कल्पना हान्स अँडरसन यांच्या डॅनिश कथेची, पण आशा भोसले यांच्या आवाजात ती पूर्ण मराठी होऊन गेली. मॅट्रिकला अडलेल्या मुलाने ती लिहिली, हे लक्षात ठेवून ऐकली तर वेगळी लागते.

हसले गेलेल्याचा अनुभव त्यांना वेगळ्या, कठोर रूपातही आला. 1948 मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत माडगूळचे घर जळाले. जात पाहून घरे पेटवली गेली तो काळ व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ या कादंबरीत आला आहे. गदिमा पुण्यात स्थिरावले, पण गाव तोडले नाही. माडगूळच्या शेतात पत्र्याच्या छपराची एक खोली होती, ती गावात बामणाचा पत्रा म्हणून ओळखली जाई. पुण्याहून ते तिथे येत, लिहीत आणि गावकऱ्यांत बसत. ज्या गावात घर जळाले त्याच गावातली झाडे-पाखरे मुलांच्या गाण्यांत येत राहिली. त्या गाण्यांत कडवटपणा शोधूनही सापडत नाही.

शेपटीवाल्या प्राण्यांच्या सभेकडे पुन्हा पाहिले तर कळते की तिथे कुणी कुणाच्या शेपटीला हसत नाही. लांब, आखूड, झुपकेदार, प्रत्येकाला आपले शेपूट कामाचे वाटते. शिक्षकाने नियम घालायचा तर हाच : कवितेतला प्राणी स्वतःविषयी बोलेल, शेजारच्या बाकावरच्या मुलाविषयी नाही. या एका नियमाने चिडवण्याचा निम्मा दारूगोळा संपतो. उरलेल्यासाठी शिक्षकाने स्वतःवर दोन ओळी रचून दाखवाव्यात. टक्कल, चष्मा, उशिरा येणारी एसटी असे विषय भरपूर असतात.

अशा कवितेला वर्गात किती वेळ लागतो?

दोन तास पुरतात, पण पहिल्या तासात वही उघडायची नाही. टाळीवर ठेका धरायचा, एकाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने त्याच ठेक्यात उत्तर द्यायचे. बनूताईंच्या जात्याचे काम इथे टाळी करते. ज्या मुलाला लिहिताना त्रास होतो, ते मूल या तासात अनेकदा पुढे असते. अनेक शिक्षकांना आपल्या वर्गातला नकलाकार इथेच सापडेल. दुसऱ्या तासाला फळ्यावर सगळ्यांच्या ओळी मांडायच्या, मात्रा मोजायच्या, लंगडी ओळ सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची.

गदिमांचे 14 डिसेंबर 1977 रोजी पुण्यात निधन झाले. वय 58. त्यांच्या सभेत अजून जागा शिल्लक आहे. मुलांनी रचलेली नवी कडवी मध्ये कुठेही बसतात, फक्त सभापतीच्या समारोपाच्या आधी. माणसाची पाळी शेवटीच येते.